ऑनलाइन सल्ला आणि आपला थेरपिस्ट : दोन्हींची सांगड कशी घालावी

समजा, आपण दर आठवड्याला एका थेरपिस्टकडे जात आहात. सेशन साधारण पाऊण ते एक तासाचे असते आणि उरलेला आठवडाभर मोबाइल हातात असतो. त्या मोबाइलवर एकदा ‘छातीत धडधड का होते’ असे शोधले, की पुढचे कित्येक दिवस चिंता, बालपणीचे आघात, ‘टॉक्सिक’ नातेवाईक आणि नैराश्याची लक्षणे यांवरची रील्स न मागता समोर येत राहतात. नुसता वेळेचा हिशेब मांडला, तरी थेरपिस्टपेक्षा अनोळखी माणसांचा सल्लाच आपल्या कानांवर कितीतरी अधिक पडतो. ज्यांचा उपचार आधीच सुरू आहे, पण असा वाचलेला-ऐकलेला सल्ला कोठे ठेवावा हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. येथे ‘थेरपिस्ट’ हा शब्द समुपदेशक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशा दोघांसाठी वापरला आहे. औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना मात्र मानसोपचारतज्ज्ञ असेच म्हटले आहे.

ऑनलाइन पाहणे पूर्ण बंद करावे, असे मी सुचवणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले होते, की निरनिराळ्या मानसिक आजारांमध्ये गरज असूनही उपचारांपर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान आहे. ज्या तालुक्यात एकही मानसोपचारतज्ज्ञ बसत नाही, तेथल्या माणसाला आपल्या त्रासाला नाव आहे आणि त्यावर इलाज आहे हे पहिल्यांदा बहुधा एखाद्या व्हिडिओतूनच कळते. मराठीत तर या प्रबोधनाची परंपरा इंटरनेटच्याही आधीची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात स्थापन केलेल्या आयपीएच या संस्थेने व्याख्याने, शिबिरे आणि पुढे व्हिडिओ यांच्या मार्गाने तेच काम चालू ठेवले. अशा माहितीने उपचाराला बळ मिळते. पण त्याच पडद्यावर, त्याच आकाराच्या चौकटीत दुसरा मजकूरही येतो. २०२२ मध्ये कॅनडातील संशोधकांनी टिकटॉकवरील एडीएचडीविषयीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराविषयीचे) सर्वाधिक लोकप्रिय १०० व्हिडिओ तपासले, तेव्हा त्यांतले ५२ दिशाभूल करणारे निघाले. टिकटॉक भारतात २०२० पासून बंद आहे, हे खरे. पण त्या धाटणीचे व्हिडिओ आता अन्य ॲपवर पाहायला मिळतात.

बरोबर सल्ला आणि आपल्यासाठी चुकीचा सल्ला

खोटी माहिती ओळखणे तुलनेने सोपे असते. अधिक गुंतागुंतीची बाब अशी, की पूर्णपणे बरोबर असलेला सल्लाही चालू उपचाराच्या नेमका आड येऊ शकतो. या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक घोळ येथेच होतो.

पॅनिक अटॅकचे, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याचे, उदाहरण घेऊ. धडधड वाढली की चार आकडे मोजत श्वास घ्यावा, तितकेच आकडे तो रोखावा आणि मग सावकाश सोडावा, असे सांगणारे असंख्य व्हिडिओ आहेत आणि ताण हलका करण्यासाठी हे तंत्र उपयोगीही आहे. पण पॅनिकवरील कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत (विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या उपचारात) एका टप्प्यावर थेरपिस्ट जाणूनबुजून ती धडधड घडवून आणतात : जागच्या जागी धावायला लावतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतात किंवा फिरत्या खुर्चीत गरगर फिरवतात. धडधड आणि चक्कर कितीही नकोशी वाटली, तरी ती धोकादायक नाही आणि काहीही न करता ती आपोआप ओसरते, हा अनुभव शरीराला मिळावा एवढाच त्यामागचा हेतू असतो. अशा वेळी रुग्णाने रीलमध्ये पाहिलेले श्वसनतंत्र गुपचूप वापरले, तर त्या मिनिटापुरते बरे वाटते, परंतु मेंदू वेगळाच धडा शिकतो : ‘मी श्वास मोजला म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी श्वास मोजता आला नाही, की भीती दुप्पट होते. येथे व्हिडिओ खोटा नव्हता आणि थेरपिस्टही चुकलेला नव्हता. दोन योग्य गोष्टी एकमेकींच्या मार्गात आल्या होत्या आणि त्याची कल्पना थेरपिस्टला नव्हती.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडीच्या बाबतीत हे अधिकच ठळकपणे दिसते. या आजारात मनात शंका येते, तिने अस्वस्थता वाढते आणि ती शमवण्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा खात्री करून घेतो. गॅस बंद आहे ना, असे आईला दहादा विचारणे हा त्या खात्रीचाच एक प्रकार आहे आणि ‘असे विचार येणे म्हणजे मी वाईट माणूस आहे का’ हे रात्री दोन वाजता इंटरनेटवर शोधणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे. उपचारात ही खात्री हळूहळू थांबवायची असते. म्हणून ओसीडीच्या रुग्णासाठी कधी कधी अत्यंत विश्वासार्ह संकेतस्थळ वाचणेसुद्धा आजाराला खतपाणी घालणारे ठरते. आपण माहिती मिळवतो आहोत की पुन्हा एकदा खात्री करून घेतो आहोत, हे ओळखण्याची एक खूण आहे. उत्तर मिळाल्यावर तासाभरात तोच प्रश्न किंचित वेगळ्या शब्दांत पुन्हा टंकावासा वाटला, तर ती माहितीची भूक नव्हती असे समजावे आणि हे असेच्या असे पुढच्या सेशनमध्ये सांगावे. चॅटबॉटलाही हीच खूण लागू पडते. किंबहुना तो न कंटाळता हजार वेळा धीर देतो, हीच अशा रुग्णासाठी त्याची अडचण आहे.

नात्यांविषयीच्या सल्ल्यात आणखी एक पेच असतो. ‘जी माणसे तुमची ऊर्जा शोषून घेतात त्यांच्याशी संबंध तोडा’ असे सांगणाऱ्या व्यक्तीसमोर बहुधा एकटे राहणारा, स्वतः कमावणारा, स्वतंत्र घर असलेला प्रेक्षक असतो. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत सासूबरोबर राहणाऱ्या आणि मुलाला शाळेतून आणण्यासाठी त्याच सासूवर अवलंबून असणाऱ्या स्त्रीने तो सल्ला अमलात कसा आणावा, हे त्या रीलमध्ये नसते. तिची थेरपिस्ट कदाचित महिनाभर तिच्याकडून एकच वाक्य घडवून घेत असेल : ‘आई, मी आज दमले आहे, हे आपण उद्या बोलू.’ पडद्यावरच्या आवेशापुढे हे वाक्य फार मिळमिळीत वाटते. तरीही ते तिच्या घरात बोलता येण्याजोगे आहे आणि संबंध तोडण्याची घोषणा तशी नाही. (छळ किंवा मारहाण होत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी आहे, तेथे सुरक्षितता प्रथम, आणि थेरपिस्टनेही तसेच म्हटले पाहिजे.)

याच्या उलट उदाहरण गोव्याचे आहे. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडून देतो, म्हणून त्याला पुन्हा छोट्या-छोट्या, अर्थपूर्ण कामांकडे वळवावे, हे तत्त्व फार जुने आहे आणि ‘उठा, चालायला जा, मित्राला फोन करा’ या रूपात ते रोज आपल्या फोनवर येते. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने याच तत्त्वावर एक उपचार बेतला. व्यावसायिक पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्याच्या रुग्णांना तो सहा ते आठ सेशनमध्ये दिला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो परिणामकारक ठरला. सल्ला जवळपास तोच होता. फरक असा, की त्या रुग्णाला नेमके कोणते काम झेपेल हे कोणीतरी त्याच्याशी बोलून ठरवत होते, आठवड्याने ‘जमले का, कुठे अडले’ असे विचारत होते आणि न जमल्यास काम आणखी लहान करून देत होते. रील हा पाठपुरावा करत नाही. त्यामुळे रीलमधला एखादा उपाय आपल्याला लागू पडला नाही, तर लगेच स्वतःला नालायक ठरवण्याचे कारण नाही. तो उपाय थेरपिस्टबरोबर बसून आपल्या मापाचा करून घेता येतो.

वही ठेवावी, पण मोजकी

व्यवहारात काय करावे? एक लहानशी वही किंवा फोनमधली एक नोंद पुरते. आठवड्यात जे वाचले किंवा पाहिले त्यातल्या, मनातून जात नाहीत अशा एक-दोन गोष्टीच तीत लिहाव्यात. स्क्रीनशॉटचा ढीग घेऊन जाणे टाळावे, कारण मग सेशनचा अर्धा वेळ इतरांच्या आयुष्यावर खर्च होतो. नोंद अशी असावी :

‘मंगळवारी एका व्हिडिओत ऐकले, की सतत कामे पुढे ढकलणे हे एडीएचडीचे लक्षण आहे. ऐकून आधी हायसे वाटले, मग रडू आले. बाबांना लिंक पाठवली, त्यांनी काही उत्तर दिले नाही. विचारायचे आहे : माझ्या बाबतीत हे तपासून पाहण्यासारखे आहे का?’

या नोंदीत सर्वांत मोलाचे काय आहे, ते पाहा. व्हिडिओतला मजकूर थेरपिस्टला बहुधा आधीच ठाऊक असेल. हायसे वाटणे, रडू येणे आणि बाबांचे मौन मात्र त्यांना दुसरीकडून कळणार नाही. एखादा सल्ला परस्पर करून पाहिला असेल, तर तेही लिहावे, आणि त्याचा परिणाम वाईट झाला असेल तर आवर्जून लिहावे.

हा विषय सेशनच्या सुरुवातीलाच काढावा. निघता निघता, चप्पल घालताना विचारलेल्या प्रश्नाला थेरपिस्ट न्याय देऊ शकत नाही. बोलण्याचा अनेकांना संकोच वाटतो, कारण डॉक्टरांना उलटे प्रश्न विचारू नयेत असे वळण आपल्या घरांतून लागलेले असते. तेव्हा शब्दही सुचवून ठेवतो : ‘मॅडम, मी एक गोष्ट ऐकली आहे आणि ती मला पटलीही आहे. आपण जे करत आहोत त्याच्याशी ती जुळते का, हे मला समजून घ्यायचे आहे.’ किंवा, अधिक थेट : ‘सर, तुम्ही मला हा व्यायाम दिला आहे आणि इंटरनेटवर याच्या उलट सांगतात. दोन्हींत फरक का आहे?’ चांगला थेरपिस्ट यावर तीनपैकी एक उत्तर देईल : करून पाहू या, आत्ता नको, किंवा तुमच्यासाठी नको, आणि प्रत्येक उत्तराचे कारण तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगेल. ‘आत्ता नको’ या उत्तराने हिरमुसून जाऊ नये. आघाताच्या आठवणी सविस्तर लिहून काढणे यासारख्या गोष्टी योग्य टप्प्यावर आणि आधार हाताशी असताना केल्या तर उपयोगी ठरतात आणि एकट्याने मध्यरात्री केल्या तर माणसाला उन्मळून टाकू शकतात.

ऑनलाइन चाचण्यांविषयी

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली खरी आहे. दवाखान्यांतही ती वापरतात. तिच्यात नऊ प्रश्न असतात, मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारलेले असते आणि गुण ० ते २७ यांच्यामध्ये येतात. मात्र तिचा उपयोग चाळणीसारखा आहे. १४ गुण आले म्हणजे निदान झाले असे नसते; थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, प्रसूतीनंतरचा काळ किंवा नुकताच झालेला मृत्यूचा आघात यांतही गुण चढू शकतात. एडीएचडीच्या निदानासाठी तर काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. म्हणून शाळेतल्या दिवसांची, प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्यांची आणि घरच्यांच्या आठवणींची विचारपूस करावी लागते, जी पंधरा सेकंदांच्या प्रश्नमंजूषेत होत नाही. चाचणी सोडवलीच असेल, तर आकडा आणि तारीख वहीत लिहून न्यावी. प्रश्नावलीतल्या नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ याखेरीज कोणतेही उत्तर आले असेल, तर पुढच्या सेशनची वाट पाहू नये. टेली-मानस ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो आणि मराठीतूनही बोलता येते. अमेरिकन व्हिडिओंमध्ये सांगितला जाणारा ९८८ हा क्रमांक तिकडचा आहे. इकडे त्यावर ही मदत मिळत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत तडजोड नको

इतर सर्व सल्ल्यांबाबत ‘आधी विचारा, मग करा’ असे धोरण ठेवले तरी चालते आणि थोडीफार मोकळीक घेतली तरी फारसे बिघडत नाही. औषधांबाबत मी अशी मोकळीक देणार नाही. ‘मेंदूच्या गोळ्यांची सवय लागते’ हे वाक्य आपल्याकडे व्हिडिओंच्या आधीपासून शेजारपाजारी फिरत आले आहे आणि ते अर्धे खरे असल्यामुळे अधिक घातक आहे. झोपेसाठी किंवा तीव्र चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणूनच त्या बहुधा थोड्या काळासाठी दिल्या जातात. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही. परंतु त्या एकदम बंद केल्या, तर गरगरणे, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो. तो त्रास पाहून माणूस म्हणतो, बघा, सवय लागलीच होती. शिवाय या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तर नको ते परिणाम पहिल्या काही दिवसांतच जाणवतात. त्यामुळे नेमक्या चुकीच्या वेळी ‘मी गोळ्या सोडल्या आणि मुक्त झालो’ असा अनुभव सांगणारा व्हिडिओ फार पटतो.

नैसर्गिक म्हणून सुचवलेल्या गोष्टींनाही हाच नियम लावावा. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती एसएसआरआयबरोबर घेतली, तर शरीरातील सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. लिथियम हे बायपोलर आजारावरचे औषध घेणाऱ्या रुग्णाने डोके दुखले म्हणून परस्पर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तरी रक्तातले लिथियम वाढू शकते. अश्वगंधासुद्धा सुरू करण्यापूर्वी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे आणि चूर्णाचा डबा किंवा बाटली सरळ त्यांच्यासमोर ठेवावी. हा प्रश्न थेरपिस्टकडे नेऊन भागत नाही, कारण डॉक्टर नसलेल्या थेरपिस्टला औषधे लिहिण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार नसतो.

कोण बोलते आहे

पाहायचेच असेल, तर निवडून पाहावे. बोलणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ असल्यास तिची वैद्यक परिषदेकडे नोंदणी असते आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे. ‘लाइफ कोच’, ‘हीलर’, ‘माइंडसेट गुरू’ या बिरुदांना अशा कोणत्याही नोंदणीची अट नाही. पदवीपेक्षाही मला बोलण्याची रीत अधिक सांगून जाते : हा उपाय कोणासाठी नाही हे ती व्यक्ती सांगते का, आणि व्हिडिओच्या शेवटी काही विकायला आहे का. चॅटबॉट किंवा ॲपवर मन मोकळे करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर गोपनीयतेचे बंधन घातले आहे. ॲपमध्ये टंकलेल्या मजकुराला तसेच संरक्षण मिळेल असे गृहीत धरू नये.

थेरपिस्टच चुकत असेल तर

आतापर्यंतच्या विवेचनावरून थेरपिस्टचा शब्द अखेरचा, असा अर्थ काढू नये. कधी कधी ऑनलाइन वाचलेली गोष्टच योग्य प्रश्न हाती देते. ओसीडीसाठी वर्षभर उपचार चालू आहेत, दर सेशनला केवळ बालपणावर गप्पा होतात आणि भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाऊन खात्री करून घेणे थांबवण्याच्या पद्धतीचा उल्लेखही कधी झालेला नाही, असे असेल तर ‘ही पद्धत माझ्यासाठी का वापरली नाही’ हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न विचारल्यावर खिल्ली उडवली गेली, उपचाराचे उद्दिष्ट विचारूनही सांगितले गेले नाही, आपली गोष्ट परवानगीवाचून नातेवाइकांना सांगितली गेली किंवा उपचाराच्या जागी उपासतापास आणि खडे सुचवले गेले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. मात्र एकाच अवघड सेशननंतर, त्याच रात्री पाहिलेल्या ‘तुमचा थेरपिस्ट वाईट असल्याच्या पाच खुणा’ अशा व्हिडिओवरून तो निर्णय घेऊ नये; नकोसा विषय निघाला की थेरपिस्टही नकोसा वाटतो, आणि त्याविषयी त्यांच्याशीच एकदा बोलून पाहणे हा उपचाराचाच भाग असतो. बोलूनही समाधान झाले नाही, तर बदल करताना आधीच्या उपचाराचा लेखी सारांश, औषधांच्या चिठ्ठ्या आणि आपली वही बरोबर न्यावी. आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क वर उल्लेखिलेल्या कायद्यानेच दिला आहे, त्यामुळे त्या मागताना ओशाळण्याचे कारण नाही. ही कागदपत्रे हाती असली, की नव्या तज्ज्ञाला आधी काय करून झाले आहे हे पहिल्याच भेटीत कळते.